पायाच्या नैसर्गिक हालचालीला मोकळीक देणारे गोल्फचे बूट : कोकणातल्या पायांना आणि पावसाला कितपत मानवतात?

किनारवारा (अलिबाग) यांचा प्रश्न

नमस्कार. निवृत्तीनंतर मी गोल्फ शिकलो आणि आता बहुतेक शनिवार-रविवारी सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर खेळायला जातो. मी बग्गी घेत नाही. पिशवी ट्रॉलीवर टाकून अठराही होल चालत पूर्ण करतो, कारण डोंगराच्या कुशीतले ते चालणे मला खेळाइतकेच प्रिय आहे. माझी अडचण खेळाची नसून पायांची आहे आणि ती येथील जाणकारांपुढे सविस्तर मांडावी, असे वाटले.

माझे बालपण भातशेतीच्या गावात गेले. शाळेत जाईपर्यंत पायात वहाण नव्हती आणि नंतरही ती पावसाळ्यात हातातच असे. त्यामुळे माझा पाय पुढून पसरट आहे. बोटे एकमेकांना चिकटलेली नसून सुटी सुटी आहेत. सध्या वापरत असलेले गोल्फचे बूट एका नामांकित कंपनीचे, कडक चामड्याचे, टाचेला उंच आणि चवड्याशी निमुळते आहेत. पहिल्या काही होलांपर्यंत काही जाणवत नाही. पण फेरी अर्ध्यावर आली की करंगळीच्या बाहेरच्या बाजूला चामडे घासू लागते, तेथे कायमची भोवरी झाली आहे, आणि शेवटच्या टप्प्यात चवड्याखाली अशी आग होते की पटिंग करताना, म्हणजे चेंडू हलकेच खळग्याकडे ढकलताना, पायावर भार कसा द्यावा, याचाच विचार मनात असतो.

अलीकडे ‘पायाच्या नैसर्गिक हालचालीनुसार घडवलेले’ गोल्फचे बूट पुष्कळ दिसतात. पुढून रुंद, टाच आणि चवडा जवळजवळ एकाच पातळीवर, तळ पातळ आणि हाताने सहज वाकणारा, असे त्यांचे वर्णन असते. ते वाचून मन तिकडे ओढ घेते. पण किंमत लक्षात घेता नीट समजून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये, असे वाटते. इतका लवचीक बूट ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, पूर्ण जोराने फिरवताना पाय स्थिर ठेवतो का? ओल्या उतारावर त्याची पकड पुरते का? आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो टिकतो का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

गलबत (रत्नागिरी) यांचे उत्तर

किनारवारा, आपला प्रश्न योग्य आहे. मी मर्चंट नेव्हीत असताना बंदरोबंदरी संधी मिळेल तेथे खेळलो आणि या काळात गोल्फच्या बुटांत झालेला बदल जवळून पाहिला, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो.

आपल्या पायात आहे तो बूट एका जुन्या गरजेतून आला आहे. पूर्वी गोल्फच्या बुटांना धातूचे खिळे असत. ते खिळे घट्ट धरून ठेवायला तळ जाड आणि ताठ असणे भागच होते. तळ ताठ झाला की वरचे चामडेही भक्कम हवे आणि मग सगळा बूटच कडक होत जाई. १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात प्लास्टिकचे मऊ खिळे निघाले. मूळ हेतू ग्रीनवरचे, म्हणजे होलच्या खळग्याभोवतीचे बारीक कापलेले गवत वाचवण्याचा होता, पण दशक संपेपर्यंत बहुतेक कोर्सवर धातूच्या खिळ्यांना बंदी आली आणि त्याबरोबर कडक तळाची सक्तीही गेली. तरीही कंपन्या कित्येक वर्षे जुन्याच घडणीचे बूट काढत राहिल्या, कारण गोल्फचा बूट म्हणजे असाच दिसणारा, ही ग्राहकांची सवय सुटली नव्हती.

ती सवय मोडण्यात अमेरिकेत ऑगस्टा येथे होणाऱ्या मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा, २०१०च्या स्पर्धेचा, मोठा वाटा आहे. अमेरिकी खेळाडू फ्रेड कपल्स ऑगस्टाच्या त्या चढउतारांच्या कोर्सवर एक्को या डॅनिश कंपनीचे बिनखिळ्यांचे, साध्या रस्त्यावरच्या बुटांसारखे दिसणारे बूट घालून उतरले आणि पाहता पाहता सगळ्यांचे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. त्याच सुमारास धावपटूंमध्ये अनवाणी धावण्याची लाट आली होती. एक्कोने आपल्या ‘बायोम’ या घडणीचे गोल्फचे बूट आणले. व्यावसायिक खेळाडू रायन मूर ज्या कंपनीशी निगडित होते, त्या ट्रू लिंक्सवेअरने रुंद चवड्याचे आणि टाच न उचललेले बूट काढले. फूटजॉयसारख्या जुन्या कंपनीनेही ‘एम प्रोजेक्ट’ या नावाने हलका, लवचीक बूट बाजारात आणला. हे प्रकार आज त्याच नावाने मिळतील असे नाही, परंतु त्यांची कल्पना आता बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या मालात मुरली आहे.

बूट घालून पाय स्थिर राहतो की पाय स्वतःच स्थिर असतो, हा विचार मात्र त्याहून जुना आहे. जुन्या पिढीतले अमेरिकी गोल्फपटू सॅम स्नीड लहानपणी अनवाणी खेळत आणि पुढे नामवंत झाल्यावरही तोल बिघडला असे वाटले की बूट काढून सराव करीत. अनवाणी माणूस गरजेपेक्षा जोरात क्लब फिरवूच शकत नाही, कारण तसे केले की तोल जातो हे त्याला लगेच समजते. भातशेतीच्या बांधावरून चाललेल्या आपल्यासारख्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुकानात गेलात तर बूट हातात घेऊन दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. टाच एका हातात व चवडा दुसऱ्या हातात धरून बूट वाकवावा; तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, कमानीच्या मधोमध दुमडला तर तो बूट परत ठेवून द्यावा. मग ओले फडके पिळतो तसा तो पिळून पाहावा. थोडा पीळ बसणे चांगले, पण सहज पिळला जाणारा बूट गोल्फच्या कामाचा नाही. जाहिरातीत वाकण्याचे कौतुक असते आणि पीळ बसण्याबद्दल कोणी बोलत नाही, पण स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा, खरा ताण तेथेच येतो.

पाऊलखुणा (चिपळूण) यांचे उत्तर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत गोल्फ खेळणारे थोडे आणि शेतात, बागेत राबणारे अधिक असतात. परंतु पाय दोघांचेही सारखेच आहेत, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. इतके सांधे निसर्गाने दिले ते पाऊल जमिनीप्रमाणे आकार बदलू शकावे म्हणून. टाच टेकल्यावर पाऊल किंचित आत कलते, सैल होते आणि धक्का पचवते. चवड्यावर भार आला आणि अंगठा मागे वाकला की तळव्याखालची जाड पट्टी ताणली जाऊन तीच कमान पुन्हा घट्ट होते आणि शरीराला पुढे ढकलते. बुटाचा तळ वाकत नसेल तर अंगठा वाकत नाही, अंगठा वाकला नाही तर कमान आवळत नाही, आणि मग हेच काम पोटरीला व गुडघ्याला करावे लागते. अठरा होल चालत खेळणारा माणूस साधारण ८ ते १० किलोमीटर चालतो. इतक्या चालीत हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

आता स्विंगकडे येते. आपण उजव्या हाताने खेळता असे धरते. क्लब मागे जाताना उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर भार येतो, खाली येताना तो झपाट्याने डाव्या पायावर जातो आणि चेंडूला फटका बसेपर्यंत डाव्या पायाखाली जमिनीचा दाब पुष्कळ वाढलेला असतो. फटक्यानंतर डावे पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडते आणि उजवी टाच उचलली जाऊन सगळे पाऊल अंगठ्याच्या सांध्यावर फिरते. म्हणजे दोन्ही पायांची मागणी एकाच क्षणी वेगवेगळी असते. उजव्या पायाला चवड्याशी वाकणारा तळ लागतो, तर डाव्याला बाहेरच्या बाजूने असा आधार लागतो की पाऊल तळावरून घसरून बाहेर जाऊ नये. म्हणून गोल्फचा चांगला नैसर्गिक घडणीचा बूट लांबीच्या दिशेने मऊ आणि रुंदीच्या दिशेने खंबीर असतो. पूर्णपणे मऊ बूट म्हणजे धावण्याचा बूट झाला आणि तो घालून ड्रायव्हर फिरवताना पाय बुटातल्या बुटात सरकतो.

आपल्या पसरट चवड्याबद्दल थोडे. पुष्कळ लोक त्याला दोष समजतात, पण तो बहुधा पायाच्या आरोग्याचाच परिणाम असतो. मणिपाल येथील डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बूट वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले, तर अनवाणी फिरणाऱ्यांत हेच प्रमाण २.८ टक्के होते. बंद बुटांचा परिणाम चपला-सँडलांपेक्षा अधिक दिसला. आपल्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला झालेला हा अभ्यास पायांच्या अभ्यासकांमध्ये जगभर परिचित आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही याची मला खंत वाटते. बोटे पसरली की पावलाचा पाया रुंद होतो आणि तोल सांभाळणे सोपे जाते. निमुळत्या बुटात ती आवळली गेली की चवड्याच्या हाडांमधील नस दाबली जाते, आणि आपण सांगता ती आग बहुतेक वेळा त्यातूनच येते. तपासल्याशिवाय मी ठाम निदान करणार नाही; पण बूट काढून पाय चोळल्यावर ती आग ओसरत असेल, तर संशय बुटावरच घ्यावा.

एक इशारा मात्र आग्रहाने देते. कडक बुटांतून एकदम पातळ तळाच्या बुटांत जाऊ नये. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धावपटूंच्या एका गटाला दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांची सवय लावायला सांगितले होते. त्यानंतर एमआरआय काढला तेव्हा त्या गटातील निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज दिसली. चालण्याचा ताण धावण्यापेक्षा कमी असतो हे खरे, तरी वर्षानुवर्षे टाच उचललेल्या बुटांत राहिलेल्या पोटरीला आणि तळव्याला लांब व्हायला वेळ द्यावाच लागतो. नवे बूट आधी घरात आणि अंगणात घालावेत, मग सरावाच्या जागी, मग अर्धी फेरी, आणि सगळे ठीक असेल तरच पूर्ण फेरी. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, बोट ठेवले की नेमके एकाच ठिकाणी दुखत असेल तर बूट लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे; तेथे हाडाला सूक्ष्म चीर पडण्याची शक्यता असते.

आणि आपल्याला मधुमेह आहे का, हे कृपया कळवावे. त्यावर माझ्या सल्ल्याचा बराच भाग अवलंबून आहे.

चपलांचे दुकान (कुडाळ) यांचे उत्तर

माझे पादत्राणांचे दुकान वडिलांपासून चालत आले आहे. गोल्फचे बूट आमच्याकडे कोणी मागत नाही, तरी मापाबद्दल आणि टिकण्याबद्दल जे सांगतो ते कोणत्याही बुटाला लागू पडते.

बूट ज्या साच्यावर ओढून घडवतात त्या फर्म्यावर सगळे ठरते. बाहेरून येणारे बहुतेक बूट परदेशी पायांच्या फर्म्यावर घडलेले असतात, आणि आपले पाय त्यांच्या मानाने चवड्याशी रुंद असतात. गिऱ्हाईक मग काय करते, तर रुंदीसाठी एक नंबर मोठा घेते. चवडा मावतो, पण लांबी जास्त होते, बुटाचा वाकण्याचा सांधा बोटांच्या सांध्याच्या पुढे जातो आणि टाच मागे उचलली जाऊ लागते. लवचीक बुटाच्या बाबतीत हा दोष अधिक बाधतो, कारण जेथे पाय वाकतो तेथे बूट वाकत नसेल तर त्या लवचीकपणासाठी मोजलेले पैसे वाया गेले असे समजावे. म्हणून नंबर वाढवू नका. त्याच नंबरात रुंद माप मागा. परदेशी कंपन्यांच्या मापात रुंदीसाठी वेगळी अक्षरे असतात, ती डबीवर किंवा जिभेच्या आत पाहावीत.

भारतीय पायांसाठी स्वतंत्र मापपद्धती आणण्याचे काम आता सुरू झाले आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची मापे यंत्राने घेतली आणि त्यावरून ‘भा’ नावाची मापपद्धती सुचवली. भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात हे त्यात स्पष्ट झाले. माझ्या वडिलांनी हे दुकानाच्या पाटावर बसून कधीच ओळखले होते, परंतु आता त्याला मोजमापाचा आधार मिळाला याचा मला फार आनंद आहे. त्या मापाचे गोल्फचे बूट येईपर्यंत आपल्याला स्वतःच मोजून घ्यावे लागेल.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय फुगतो. कोऱ्या कागदावर उभे राहून, अंगाचा पूर्ण भार देऊन, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढावी. दोन्ही पावलांची काढावी, कारण ती क्वचितच सारखी असतात आणि बूट मोठ्या पावलाप्रमाणे घ्यायचा असतो. मग ज्या बुटाचा विचार आहे त्याचा आतला सुखतळा काढून त्या आकृतीवर ठेवावा. करंगळीपाशी रेघ सुखतळ्याच्या बाहेर दिसली, तर तो बूट कितीही मऊ असला तरी आपली भोवरी बरी होणार नाही. या एका तपासणीने मी अनेक गिऱ्हाइकांचे पैसे वाचवले आहेत. तपासणी झाल्यावर गिऱ्हाईक पुष्कळदा काहीच न घेता जाते, पण पुढच्या वेळी ते माझ्याकडेच येते.

आता हवेबद्दल. पुष्कळ बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो, ज्याला आम्ही दुकानात पीयू म्हणतो. तो हलका, मऊ आणि टिकाऊ असतो, परंतु त्याच्या बऱ्याच प्रकारांना दमट हवा मानवत नाही. हवेतील ओलावा त्यात शिरून त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तोडतो. आधी तळ चिकट लागतो, मग त्याला बारीक चिरा जातात आणि एके दिवशी चालता चालता त्याचा भुगा पडतो. बूट वापरला नाही म्हणून वाचतो असेही नाही. डबीत बंद ठेवलेला कोरा बूटसुद्धा काही वर्षांनी असाच सुटतो. आमच्या कोकणात तर पावसाळ्यात भिंतींनाही पाणी सुटते, तेव्हा हे लवकर घडते. ईव्हीए नावाच्या फोमला ही खोड नाही, पण तो दबून दबून चपटा होतो. माझे मत विचाराल तर आपल्या किनाऱ्यावर ईव्हीएचा मधला तळ आणि खाली रबर ही जोडी बरी. सवलतीत मिळणारा जुना माल घेताना जिभेच्या आतल्या पट्टीवर बनवल्याची तारीख आहे का ते पाहावे आणि तळाच्या कडेवर अंगठ्याचे नख दाबावे. खळगा तसाच राहिला किंवा भुकटी निघाली, तर घेऊ नये.

हिरवळ (खारघर) यांचे उत्तर

पकडीबद्दल मी लिहितो, कारण त्याच कोर्सवर मी नियमित खेळतो आणि नवख्यांना शिकवतोही.

तेथील चढउतार आपल्याला ठाऊक आहेतच. कोरड्या दिवसांत बिनखिळ्यांचे बूट, म्हणजे ज्यांच्या तळाला रबराच्याच लहान लहान गाठी असतात ते, पूर्णपणे पुरतात. त्यांचा दाब पावलाखाली सारखा पसरतो, त्यामुळे चवड्याखाली खिळ्यांचे टोचणे नसते आणि आपल्या तक्रारीत त्याने नक्कीच फरक पडेल. पावसाळ्यात व त्यानंतरच्या ओलसर सकाळी मात्र परिस्थिती बदलते. गवताखालची लाल माती ओली झाली की ती त्या गाठींच्या फटीत बसते आणि तळ गुळगुळीत होतो. उतारावर चेंडू पायाच्या पातळीखाली असताना पूर्ण स्विंग घ्यायचा असेल, तर तेव्हा मऊ खिळ्यांच्या बुटांना पर्याय नाही. खिळे बदलता येणारे नैसर्गिक घडणीचे बूटही मिळतात आणि मी स्वतः जून ते ऑक्टोबर तेच वापरतो. सोबत एक जुना दात घासण्याचा ब्रश ठेवून दर दोन-तीन होलांनी माती काढली, तर पकड टिकते.

पकड जितकी जास्त तितके चांगले, असेही समजू नये. पाय जमिनीत घट्ट रुतला आणि वरचे शरीर फिरले, की तो पीळ डाव्या गुडघ्यावर येतो. उताराच्या वयात डावे पाऊल सुरुवातीलाच थोडे बाहेर, चेंडू जायच्या दिशेला वळवून उभे राहिले, तर गुडघ्यावरचा हा ताण कमी होतो. आपण शिकवणीत हे केले नसेल तर अवश्य करून पाहा. नवीन बुटांत टाच खाली आल्यामुळे चेंडूसमोर उभे राहण्याची ढबही किंचित बदलेल, भार चवड्यावरून थोडा मागे जाईल आणि सुरुवातीला चेंडू क्लबच्या टोकाकडे लागेल. त्याने घाबरून जुन्या बुटांकडे परत जाऊ नये. पट्टीचा खेळाडूही तेवढा वेळ घेतोच.

किनारवारा (अलिबाग)

सर्वांचे मनापासून आभार. कुडाळच्या दुकानदारांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर पाऊल काढून पाहिले. माझ्या सध्याच्या बुटाच्या सुखतळ्याबाहेर करंगळी तर जातेच, अंगठ्याच्या बाजूलाही रेघ बाहेर दिसते. पाऊलखुणा, मला मधुमेह आहे. गोळ्यांनी साखर आटोक्यात असते आणि पायांची संवेदना कमी झाल्याचे मला तरी जाणवत नाही. अशा स्थितीत पातळ तळाचे बूट घ्यावेत की नाही, आणि पावसात भिजलेले बूट कसे वाळवावेत, एवढे कृपया सांगावे.

पाऊलखुणा (चिपळूण)

संवेदना कमी झाल्याचे रुग्णाला स्वतःला पुष्कळदा समजत नाही, कारण ती हळूहळू जाते. डॉक्टरांकडे नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा एक बारीक तंतू असतो. तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून दाब जाणवतो का, हे पाहतात. तपासणीला काही मिनिटेच लागतात आणि वेदना अजिबात होत नाही. बूट घेण्याआधी ती करून घ्यावी. संवेदना शाबूत असेल तर रुंद चवड्याचा, टाच न उचललेला पण तळाला मध्यम जाडीचा बूट निवडावा. अगदी पातळ तळ आपल्यासाठी नको, कारण जांभ्याच्या वाटेवरचा एखादा टोकदार खडा तळव्याला इजा करू शकतो. संवेदना कमी झालेली आढळली, तर लवचीकपणाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेच पादत्राण वापरावे. दोन्ही परिस्थितींत रुंदीबाबत मात्र तडजोड करू नये, कारण मधुमेहींच्या पायावरची जखम अनेकदा आवळणाऱ्या बुटापासूनच सुरू होते. ती भोवरी घरी ब्लेडने कापू नका, ही कळकळीची विनंती.

बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा किंवा काटा नाही ना ते पाहावे, आणि फेरी संपल्यावर तळवे आरशात पाहावेत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या आपल्या बाबतीत साध्या समजू नयेत. मोजे सुती घेतलेत तर ते घाम धरून ठेवतात. पातळ लोकरीचे किंवा खेळासाठीचे कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत आणि एक जादा जोडी पिशवीत ठेवून अर्ध्या फेरीला बदलावी.

चपलांचे दुकान (कुडाळ)

वाळवण्याचे सांगतो. बूट घरी आल्यावर सुखतळे आणि नाड्या काढून वेगळ्या वाळत घालाव्यात. माती ओल्या फडक्याने पुसावी, नळाखाली बूट धरू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. पंख्याच्या वाऱ्यात, तळ भिंतीला टेकवून उभे ठेवावेत. चुलीजवळ, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. उष्णतेने चामडे तडकते आणि सोलचा डिंक सुटतो. पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. पावसात लागोपाठ दोन दिवस खेळणार असाल तर दोन जोड्या आलटून-पालटून वापराव्यात, कारण आपल्या हवेत ओला बूट एका रात्रीत आतून सुकत नाही.

पाणी आत येऊ न देणारे अस्तर असलेले बूट घ्यायचे का, असे पुढे मनात येईल म्हणून आधीच लिहितो. आपल्याकडचा पाऊस वरून, घोट्याकडून आत शिरतो आणि मग तेच अस्तर पाणी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय उकाड्यात पाय उबतो. हिवाळ्यातल्या दवासाठी ते उत्तम. मुसळधार पावसासाठी जाळीचा, लवकर वाळणारा बूट मला अधिक सोयीचा वाटतो. डॉक्टरांची तपासणी झाली की दोन्ही पावलांची आकृती आणि सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी येथे लिहा, म्हणजे कोणत्या मापाच्या मागे लागायचे ते मी सांगू शकेन.